निवडक खाद्यपदार्थांची घरपोच सेवा: दहा महिन्यांच्या वापरानंतर

पहिल्याच खोक्यातून निघालेल्या चीजच्या तुकड्यावर एक छोटी चिठ्ठी चिकटवलेली होती. चीजचे नाव आणि वजन तिच्यावर छापलेले होतेच, पण त्याखाली निळ्या शाईने आणखी दोन गोष्टी लिहिल्या होत्या: मूळ ढेपेतून हा तुकडा कोणत्या दिवशी काढला आणि ती ढेप किती महिने मुरलेली होती. दिवस आदलाच होता आणि महिने २४ होते. या दोन ओळी वाचून मी ही सेवा पुढे वापरायचे ठरवले. त्यानंतरच्या दहा महिन्यांत समाधानाचे आणि मनस्तापाचेही प्रसंग आले. त्यांचे मूळ शोधू गेले की ते बहुतेक वेळा एकाच जागी सापडते: माल निवडणाऱ्या माणसाला त्या मालाबद्दल किती ठाऊक होते, आणि जे ठाऊक होते ते त्याने मला सांगितले की नाही.

सेवा स्थानिक आहे. तिचे स्वतःचे एक गोदाम आणि त्याला जोडून शीतखोली आहे, गाड्याही स्वतःच्याच आहेत, आणि मागणी नोंदवल्यानंतर साधारण एका दिवसात माल दारात येतो. चीज, ऑलिव्ह तेल, व्हिनेगर, कॉफी, चॉकलेट, धुरी दिलेले मासे, त्याच दिवशी भाजलेला पाव आणि मोजकी फळे-भाज्या, म्हणजे ज्याला हल्ली सरसकट ‘गॉर्मे’ म्हटले जाते तो माल ती पुरवते. पुढे काही तक्रारीही लिहायच्या असल्यामुळे सेवेचे नाव मी दिलेले नाही. अशा सेवा ठिकठिकाणी आहेत, आणि मी ज्या गोष्टी तपासल्या त्या कोणालाही आपापल्या ठिकाणी तपासता येतील.

दुकानात उभे राहून खरेदी करताना आपण नकळत बरेच काम करत असतो. फळ हलकेच दाबून पाहतो, देठाशी वास घेतो, खोक्याच्या तळाशी ओल आहे का ते बघतो, मागच्या रांगेतली बाटली काढून तिच्यावरची तारीख वाचतो. घरपोच सेवेकडे हे सगळे काम आपण सोपवतो. साबण किंवा साखर मागवताना त्याने काही बिघडत नाही, कारण एक पुडा दुसऱ्यासारखाच असतो. पण मुरलेले चीज, पिकू घातलेले फळ, ताजा पाव यांचा प्रत्येक नग वेगळा असतो, आणि या वस्तूंना मोजलेला जास्तीचा दाम त्या वेगळेपणासाठीच असतो. त्यामुळे अशा सेवेचे परीक्षण करताना तिच्याकडे किती प्रकारचा माल आहे, यापेक्षा ती कशी निवड करते हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

आधी तिच्या मालाच्या यादीबद्दल. ऑलिव्ह तेलाच्या बाबतीत ही यादी पुष्कळ प्रामाणिक आहे. तेलाला ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ म्हणवून घ्यायचे असेल तर त्यातील मुक्त आम्लता ०.८ टक्क्यांहून जास्त असून चालत नाही, आणि जाणकारांनी चाखून पाहिल्यावर त्यात दोष आढळून चालत नाही. मात्र हे तेल वाइनसारखे वयाने सुधारत नाही. उजेड, उष्णता आणि हवा या तिन्हींमुळे ते उतरत जाते. त्यामुळे ‘अमुक तारखेपूर्वी वापरावे’ एवढ्यावरून फारसे कळत नाही. फळे कोणत्या हंगामात तोडली हे कळले पाहिजे. यादीतल्या सहा तेलांपैकी पाचांसमोर हंगामाचे वर्ष दिलेले आहे आणि सहाही तेले गडद काचेच्या बाटल्यांत किंवा डब्यांत येतात. त्यातल्या एका तेलाच्या वर्णनात ‘घशाला ठसका लागतो, तो दोष नव्हे’ असे वाक्य आहे, आणि ते वाचले नसते तर मी ती बाटली खराब समजून परत पाठवली असती. नव्या, चांगल्या तेलात ओलिओकॅन्थल नावाचे द्रव्य असते आणि घशाच्या मागच्या बाजूला ती विशिष्ट जळजळ त्यामुळेच होते. हे द्रव्य शरीरात इबुप्रोफेन या वेदनाशामक औषधासारखे काम करते, असे २००५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात शास्त्रज्ञांनी दाखवून दिले होते. एवढे सगळे यादीत असण्याची गरज नाही, पण ते एक वाक्य तिथे असणे ही मोठी गोष्ट आहे, कारण तेल स्वतः चाखून पाहिलेल्या माणसालाच ते लिहिता येते.

कॉफीच्या पुड्यावर भाजल्याची तारीख असते आणि ती मला नेहमी दोन ते पाच दिवसांपूर्वीची आढळली आहे. दळून देण्याची सोय आहे, मी ती घेत नाही, कारण दळलेल्या कॉफीचा सुवास फार लवकर उडतो.

याच यादीत ट्रफलच्या, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या एका सुवासिक, महागड्या बुरशीच्या, तेलाचे पान पाहिले की मात्र वाईट वाटते. पानावर काळ्या ट्रफलचे देखणे छायाचित्र आहे, वर्णनात जंगल, ओली माती असे शब्द आहेत, आणि अगदी तळाशी घटकांमध्ये ‘ऑलिव्ह तेल, सुगंध’ एवढेच आहे. बाजारातल्या बहुतेक ट्रफल तेलांचा वास प्रयोगशाळेत तयार केलेल्या २,४-डायथायापेंटेन या संयुगाचा असतो. हे संयुग खऱ्या ट्रफलच्या वासातही असते हे खरे, पण खरा वास अनेक द्रव्यांनी मिळून बनतो आणि ताज्या ट्रफलमधून काही दिवसांतच उतरतो. कोणाला ते तेल आवडत असेल तर त्यांनी जरूर घ्यावे. माझे म्हणणे इतकेच, की ज्या सेवेने चीजच्या तुकड्यावर कापल्याची तारीख हाताने लिहिली तिने या तेलाच्या पानावर ट्रफलचे चित्र लावू नये. मी तसे कळवले. उत्तर सभ्य भाषेत आले, ‘वर्णन तपासून घेतो’ असे आश्वासनही त्यात होते. चार महिने झाले, चित्र तिथेच आहे.

आता चीजकडे वळते, कारण या सेवेचा खरा जीव तिथे आहे. पार्मिजानो रेज्जानो हे चीज इटलीच्या पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना या प्रांतांत आणि मांतुआ व बोलोन्याच्या ठराविक भागांतच बनवता येते. ते किमान १२ महिने मुरावे लागते, आणि त्याच्या पाठीवर, म्हणजे बाहेरच्या कडक सालीवर, ठिपक्याठिपक्यांनी त्याचे नाव उमटवलेले असते. एकेक ढेप साधारण ४० किलोची असते आणि तिला ५०० लिटरहून जास्त दूध लागते. इतकी मोठी ढेप सुरीने सरळ कापत नाहीत. बदामाच्या आकाराच्या आखूड पात्याने ती टोचून उकलतात, त्यामुळे तुकड्याचा पृष्ठभाग खडबडीत राहतो आणि खाताना चीज त्याच्या नैसर्गिक कणांवर फुटते. माझ्याकडे आलेला पहिला तुकडा तसाच होता. उजेडात धरल्यावर त्यात पांढरे बारीक खडे दिसले. ते मिठाचे नसतात, टायरोसिन या अमिनो आम्लाचे स्फटिक असतात आणि चीज नीट मुरल्याची ती खूण समजली जाते. दाताखाली ते कुरकुरले तेव्हा चिठ्ठीवरच्या २४ महिन्यांबद्दल शंका उरली नाही.

सहाव्या की सातव्या मागणीत याच चीजचा जो तुकडा आला त्याच्या तीन बाजूंना साल होती. ढेपेच्या कडेचा तुकडा कोणाच्या तरी वाट्याला येणारच, हे मला मान्य आहे, आणि ती साल वाया जात नाही, सूपमध्ये उकळली की उत्तम चव देते. पण साल चीजच्याच भावाने तोलली जाते, आणि दुकानात तो तुकडा मी बाजूला सारून दुसरा मागितला असता. मी छायाचित्र पाठवून एवढेच लिहिले, की माझा आक्षेप पैशाला नाही, निवडीला आहे. दुसऱ्या दिवशी चीज विभागातल्या बाईंचा स्वतःहून फोन आला. “तो तुकडा मीच दिला होता ताई, दिवसाचा शेवटचा होता. पुढच्या वेळी शेवटचा असेल तर आधी विचारते,” असे त्या म्हणाल्या. तेव्हापासून दोनदा तसा फोन आला आणि दोन्ही वेळा मी ‘दोन दिवसांनी द्या, नवी ढेप उघडल्यावर’ असे सांगितले. मागच्या बाजूचा माणूस असा समोर येतो तेव्हा सेवा खऱ्या अर्थाने स्थानिक वाटते.

मऊ चीजसाठी मागणीच्या पानावर ‘केव्हा खाणार?’ असा एक रकाना आहे. संपूर्ण सेवेतली ही मला सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. कॅमेंबर्ट किंवा ब्रीसारखे चीज बाहेरून आत पिकत येते. अगदी कोवळे असताना मधोमध खडूसारखा पांढरा गाभा असतो, पुढे तो मऊ होत जातो, आणि फार झाले की सालीखाली ओघळ सुटून अमोनियाचा वास येऊ लागतो. बरोबर पिकलेला काळ थोड्या दिवसांचाच असतो. मी ‘शनिवार रात्र’ असे लिहिले होते. गुरुवारी आलेले कॅमेंबर्ट मधोमध दाबल्यावर किंचित ताठ लागले, शनिवारी संध्याकाळी ते बाहेर काढून तासभर ठेवले आणि कापले, तेव्हा आतला भाग सुरीला धरून हळूच सरकला, वाहिला नाही. तीन आठवड्यांनी मात्र त्याच रकान्यात तेच लिहूनही पांढऱ्या गाभ्याचे चीज आले. चौकशीअंती कळले की त्या दिवशी चीज विभागातल्या बाई रजेवर होत्या आणि रकाना कोणी वाचलाच नव्हता.

चीज बांधण्याची त्यांची पद्धत चांगली आहे. मेणकागदात गुंडाळून वर सैल पिशवी असते. प्लास्टिकच्या चिकट कागदात घट्ट आवळलेल्या चीजला घाम फुटतो आणि दोन दिवसांत त्या कागदाचाच वास लागतो. रोकफोरसारखे निळ्या बुरशीचे चीज स्वतंत्र डबीत येते, हेही योग्यच, कारण ती बुरशी शेजारच्या चीजवर सहज पसरते.

वजनाबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. कापून द्यायच्या वस्तूचे नेमके वजन आधी ठरत नाही, म्हणून मागणी नोंदवताना कार्डावर थोडी जास्त रक्कम अडकवून ठेवतात आणि तोलल्यावर खरी रक्कम वळती करतात. ही पद्धत रास्त आहे, फक्त ती पानावर ठळकपणे लिहिलेली नाही, आणि पहिल्यांदा बँकेचा संदेश पाहून माणूस दचकतो. तीन महिने मी आलेला प्रत्येक तुकडा घरच्या काट्यावर कागदाविना तोलून पाहिला. दोनदा कागदाचे वजन चीजमध्ये धरलेले आढळले. फरक मोजक्या ग्रॅमचा होता, पण काट्यावर कागदाचे वजन वजा करणे हा तोलणाऱ्याचा पहिला धडा आहे, म्हणून मी तो कळवला. पुढे तसे घडले नाही.

आता सर्वांत गंभीर तक्रार. उन्हाळ्यातल्या एका दिवशी मी धुरी दिलेला सामन मासा आणि ताजे मऊ चीज मागवले होते. दुपारी चार ते सहाची वेळ ठरलेली असताना गाडी साडेआठला आली. खोक्यातल्या गोठणाऱ्या जेलच्या पिशव्या पूर्ण पातळ झाल्या होत्या, माशाच्या पाकिटावर पाण्याचे थेंब जमले होते. स्वयंपाकघरातला तापमापक मी दोन पाकिटांच्या मध्ये सारला आणि पाच मिनिटांनी पाहिला, तर १३ अंश सेल्सिअस. शीतकपाटातले अन्न ५ अंशांच्या आत असावे, कारण ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, हा अन्नसुरक्षेचा पहिला नियम आहे. लिस्टेरिया नावाचा जिवाणू तर शीतकपाटाच्या थंडीतही सावकाश वाढतो, आणि जे पदार्थ पुन्हा न शिजवता खाल्ले जातात त्यांत, म्हणजे धुरी दिलेल्या माशात आणि मऊ चीजमध्ये, त्याचा धोका अधिक असतो. गर्भवती स्त्रिया आणि वृद्ध माणसे यांच्या दृष्टीने तो विशेष गंभीर आहे. आमच्या घरी सासरे आहेत, त्यांचे वय ८१ आहे.

मी लगेच फोन केला. पलीकडच्या मुलाने विचारले, “मॅडम, हाताला गार लागतंय ना? मग काही हरकत नाही, फ्रिजमध्ये ठेवून द्या.” १३ अंशांची वस्तूही हाताला गारच लागते, हे मी त्याला शांतपणे सांगितले, आणि ती किती वेळ या तापमानात होती हे तुम्हाला ठाऊक आहे का, असे विचारले. ते त्याला ठाऊक नव्हते. तो उद्धट नव्हता, त्याला कोणी शिकवलेच नव्हते, आणि म्हणूनच मला ही गोष्ट अधिक काळजीची वाटते. तासाभराने वरिष्ठांचा फोन आला, त्यांनी दोन्ही वस्तू टाकून द्यायला सांगितले आणि पूर्ण पैसे परत केले. पैसे परत येणे ठीकच आहे. पण त्या दिवशी त्याच गाडीतून माल घेतलेल्या इतरांना त्यांनी स्वतः फोन केले का, या माझ्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले नाही. ज्या घरात तापमापक नव्हता तिथे तो मासा खाल्ला गेला असेल, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

त्यानंतर नाशवंत वस्तू मी सकाळच्या पहिल्या फेरीतच मागवते. गाडी गोदामातून थेट निघालेली असते आणि आमच्या घरापर्यंत तिचे दोन-तीनच थांबे होतात. या फेरीत आजवर मी मोजलेले सर्वांत जास्त तापमान ४ अंश होते. तात्पर्य, सोय त्यांच्याकडे आहे, ढिलाई दुपारच्या फेरीत आहे. चॉकलेटच्या बाबतीतही हाच अनुभव आहे. कोकोतील स्निग्धांश साधारण ३४ अंशांपाशी वितळतो आणि पुन्हा गोठताना त्याचे स्फटिक बिघडून वर राखाडी-पांढरी झाक येते. अशी वडी खायला अपायकारक नसते, पण तिचा कडक तुकडा मोडण्याचा आवाज आणि तोंडातली गुळगुळीत चव दोन्ही जातात. दुपारच्या फेरीत दोनदा अशी वडी आली, सकाळच्या फेरीत एकदाही नाही.

गोठवलेल्या वस्तूंसोबत ते कोरडा बर्फ पाठवतात. हा उणे ७८.५ अंशांचा गोठलेला कार्बन डायऑक्साइड असतो. त्याला उघड्या हाताने शिवायचे नसते आणि तो बंद खोलीत ठेवायचा नसतो, तशी सूचना खोक्यावर असते. एकदा मात्र गोठवलेल्या मटारच्या शेंगांशेजारीच सॅलडच्या पानांची पिशवी ठेवलेली होती. पाने काचेसारखी पारदर्शक आणि कडक झाली होती, आणि खोलीच्या उबेत आल्यावर दहा मिनिटांत त्यांचा काळपट लगदा झाला. थंड राखायचे म्हणजे सगळेच सारखे थंड राखायचे नव्हे, हे खोका भरणाऱ्याला माहीत असायला हवे. टोमॅटोच्या बाबतीत ते त्यांना माहीत आहे, हेही नोंदवते. टोमॅटो कायम बर्फापासून दूर, वेगळ्या कागदी पिशवीत येतात. थंडीत टोमॅटोचा सुवास मरतो आणि तो नंतर पुरता परत येत नाही.

फळांमध्ये अव्होकाडो ही त्यांची खासियत आहे. हे फळ झाडावर असताना पिकत नाही, तोडल्यावरच पिकू लागते, त्यामुळे ते आज खायचे आहे की चार दिवसांनी हे सांगितले तर निवडणाऱ्याचे काम सोपे होते. यादीत ‘आज’, ‘दोन दिवसांनी’ आणि ‘आठवडाअखेर’ असे तीन पर्याय आहेत आणि फळांवर तशा तीन रंगांच्या टिकल्या लावलेल्या येतात. मी बहुधा प्रत्येकी एक मागवते. पंधरा-सोळा वेळांपैकी दोनदाच अंदाज चुकला. केळी आणि सफरचंदे इतर फळांपासून वेगळी बांधलेली असतात, कारण त्यांतून निघणाऱ्या एथिलीन वायूने शेजारची फळे लवकर पिकतात. अळंबी कागदी पिशवीत येतात, कोरडी आणि टणक. रास्पबेरीबद्दल मात्र असे काही म्हणता येत नाही. सात वेळा मागवली आणि तीन वेळा डबीच्या तळाच्या थरात करडी बुरशी निघाली. वरचा थर सुंदर होता. डबी उलटी करून तळाकडून पाहिले असते तर ते सहज दिसले असते.

बदली मालाबद्दल मला जरा विस्ताराने लिहायचे आहे, कारण सेवेचे बळ आणि तिची उणीव या एकाच गोष्टीत दिसली. एका खास जेवणासाठी मी मोदेनाचे पारंपरिक बाल्सामिक व्हिनेगर मागवले होते. या पारंपरिक प्रकारात शिजवून आटवलेल्या द्राक्षरसाशिवाय काहीही नसते, तो लाकडाच्या पिंपांत किमान १२ वर्षे मुरतो, २५ वर्षे मुरलेल्याला ‘एक्स्ट्राव्हेक्यो’ म्हणतात, आणि तो ठराविक आकाराच्या १०० मिलिलिटरच्या बाटलीतच विकला जातो. तो दाट असतो, चमच्यावरून मधासारखा उतरतो, आणि त्याचे चार थेंब पुरतात. खोक्यातून निघाली ती ‘मोदेनाचे बाल्सामिक व्हिनेगर’ असे नाव असलेली मोठी बाटली. नावात एकच शब्द कमी, पण वस्तू पूर्ण निराळी, कारण हा प्रकार द्राक्षरसात वाइनचे व्हिनेगर मिसळून करतात आणि तो ६० दिवसांतही विक्रीला येऊ शकतो. सॅलडसाठी तो चांगला असतो, आमच्याही घरी असतो. सोबतच्या चिठ्ठीवर ‘तेच व्हिनेगर, मोठी बाटली, आपला फायदा’ असे लिहिलेले होते. ज्याने ते लिहिले त्याने मनापासून माझ्या फायद्याचा विचार केला असावा, पण १२ वर्षे आणि ६० दिवस यांतला फरक त्याला कोणी सांगितला नव्हता. पाहुणे तासाभरात यायचे होते आणि मुरलेल्या चीजवर घालायला माझ्याकडे काही नव्हते.

दुसरा प्रसंग याच्या अगदी उलट. मी स्पेनचे मान्चेगो चीज मागवले होते. सकाळी साडेसातला चीज विभागातल्या त्याच बाईंचा फोन आला. मान्चेगो आहे, पण उरलेला तुकडा कोरडा पडला आहे आणि तो देववत नाही, असे त्या म्हणाल्या. तेही मेंढीच्याच दुधाचे हवे असेल तर फ्रान्सच्या पिरेनीज भागातले ओसो-इराती चांगले आले आहे, चव थोडी सौम्य आणि बदामासारखी असते, चालेल का? मी हो म्हटले. ते चीज मी आयुष्यात कधी चाखले नव्हते आणि आता दर महिन्याला मागवते. दोन्ही वेळा गोदाम तेच, नियम तेच, संगणकावरची यादीही तीच. फरक फक्त हातांचा आणि त्या हातांमागच्या जाणकारीचा.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझे सांगणे असे, की ‘पर्यायी वस्तू चालेल’ हा मागणीच्या पानावरचा पर्याय आधीपासून चालू ठेवलेला असतो, तो प्रत्येक वस्तूपुढे जाऊन बंद करावा आणि टिपणीच्या जागेत ‘नसल्यास फोन करावा’ असे लिहावे. वस्तूचे पूर्ण नावही आपणच टिपणीत लिहावे, बाल्सामिकमधल्या ‘पारंपरिक’ या शब्दासकट. दहा मागण्यांत आठदा तरी फोन येतो. घरपोच शुल्क टाळण्यासाठी किमान रकमेची अट आहे आणि ती गाठण्याच्या नादात गरज नसलेल्या वस्तू टोपलीत पडतात. मी तेल, कॉफी, व्हिनेगर यांसारख्या टिकाऊ वस्तूंची यादी राखून ठेवते आणि रक्कम कमी पडली तर त्यातले काही घेते. नाशवंत वस्तूंनी रक्कम भरून काढू नये.

वेष्टनाच्या कचऱ्याबाबत सेवा मध्यम आहे. पुठ्ठ्याची खोकी परत नेतात, जेलच्या पिशव्या मात्र आधी कळवले तरच नेतात, आणि दोन महिने कळवायचे राहिले तेव्हा आमच्या फ्रीझरचा एक कप्पा त्यांनीच भरून गेला होता.

पाव त्यांच्याकडून घेणे मी थांबवले आहे. तो वाईट नसतो. सकाळी भाजलेला, कडक पापुद्र्याचा आंबट पाव ते बंद प्लास्टिकच्या पिशवीत घालतात आणि दुपारपर्यंत त्याचा पापुद्रा चिवट होतो. कागदी पिशवीची विनंती दोनदा केली, दोन्ही वेळा त्या खेपेपुरती मानली गेली आणि पुढच्या खेपेला प्लास्टिकच आले. पाव जवळच्या भट्टीतून हाताने आणता येतो. मासेही मी आता स्वतः जाऊन, डोळे आणि कल्ले पाहून घेते.

चीज, तेल, कॉफी, व्हिनेगर आणि अव्होकाडो यांसाठी मात्र मी याच सेवेकडे येते, आणि ज्यांच्या घराजवळ जाणकार दुकान नाही अशांना मी ती मनापासून सुचवेन, सकाळच्या फेरीच्या अटीवर. दुपारच्या फेरीतल्या गाड्यांत तापमानाची नोंद ठेवणारे यंत्र बसवावे आणि ग्राहकाला ती नोंद मागता यावी, असे सविस्तर पत्र मी गेल्या आठवड्यात त्यांना पाठवले आहे. पोच आली आहे, उत्तर यायचे आहे. येत्या गुरुवारची मागणी काल रात्री नोंदवली. तीत ओसो-इराती आहे, नव्या हंगामाचे तेल आहे, कॅमेंबर्टपुढच्या रकान्यात ‘रविवार दुपार’ असे लिहिले आहे, आणि रास्पबेरीपुढे ‘डबी उलटी करून पाहावी’ अशी टीप जोडली आहे.